केळीच्या चेंबरमधली डबी

“ही मूळव्याध नाही,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला.

पडद्यावर माझं मोठं आतडं दिसत होतं. निरोगी आतडं आतून ओठाच्या आतल्या बाजूसारखं असतं, ओलसर आणि फिकट गुलाबी, असं त्यांनी सांगितलं. माझं लाल होतं. पडल्यावर गुडघा सोलवटतो तसं ठिकठिकाणी सोलवटलेलं. आदल्या आठवड्यात माझी कोलोनोस्कोपी झाली होती. म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली लवचिक नळी गुदद्वारातून आत घालून आतडं बघतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण गुंगीचं औषध देतात. मला तर काहीच आठवत नाही. त्या वेळी आतड्याचे बारीक तुकडेही तपासायला घेतले होते. त्याला बायोप्सी म्हणतात. तिचा रिपोर्ट त्या दिवशी आला होता.

“याचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस,” डॉक्टर म्हणाले. “शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी आपल्याच आतड्यावर चाल करून जातात. त्यामुळे सूज येते, जखमा होतात, रक्त जातं. इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजे आयबीडी, असा आजारांचा एक गट आहे. त्यातला हा एक. कॅन्सर नाही. एकाचा दुसऱ्याला होत नाही. पण पूर्ण बरा होतो असं मी खोटं सांगणार नाही. तो काबूत ठेवावा लागतो.”

मी विचारलं, “सर, मी कॉलेज सोडायचं का?”

शेजारी बसलेली मामी माझ्याकडे बघतच राहिली. हा आजार किती दिवस राहील, औषधं कुठली, ऑपरेशन लागेल का, यातलं मी काहीच विचारलं नव्हतं.

हे लिहिताना मला थोडा संकोच वाटतो आहे. मी डॉक्टर नाही, लेखिका तर नाहीच. जळगावला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. केमिस्ट्री करणारी रावेर तालुक्यातली मुलगी आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझे वडील, ज्यांना मी आबा म्हणते, सातवीपर्यंत शिकले आणि केळीच्या रायपनिंग चेंबरवर काम करतात. रायपनिंग चेंबर म्हणजे केळी पिकवण्याची थंड खोली. तिथलं तापमान सांभाळणं हे त्यांचं काम. पण मला जे झालं ते आणखी कोणाला होत असेल आणि तीसुद्धा माझ्यासारखी गप्प बसली असेल, तर तिच्यासाठी हे लिहिते आहे.

मी पाच महिने गप्प बसले होते.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर पहिल्यांदा रक्त दिसलं. मला वाटलं उष्णता झाली. आमच्याकडे पोटाचं काहीही झालं की उष्णताच होते. मी ठेचा बंद केला, सब्जा भिजवून प्यायले, मेडिकलमधून मूळव्याधीचं मलम आणलं. ते मागतानाही दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघून आत गेले आणि “आजीसाठी पाहिजे” असं सांगितलं. माझी आजी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मग दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागायला लागलं. हॉस्टेलचा संडास मजल्याच्या टोकाला. पहाटे बादली घेऊन पळताना मुली हसायच्या. मी पण हसायचे. कॉलेजात मागच्या बाकावर, दाराजवळ बसायला लागले. सरांना वाटलं अभ्यासातलं लक्ष उडालं. वजन इतकं उतरलं की सलवारीची नाडी दोनदा गुंडाळून बांधावी लागे. शेवटी प्रॅक्टिकलला ब्युरेट भरताना मला चक्कर आली आणि मी ब्युरेटसकट खाली बसले.

मॅडमनी घरचा नंबर मागितला. मी धुळ्याचा दिला. आबांचा दिला असता तर त्यांनी त्याच दिवशी मला घरी नेलं असतं.

मामी धुळ्याला देवपुरात राहते. ती आली तेव्हा मी हॉस्टेलच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपले होते. तिने माझं मनगट हातात घेतलं, आपल्या दोन बोटांत ते मावतंय हे बघितलं, आणि तिच्या अहिराणीत सुरू झाली.

“काय व्हयनं ते सांग.”

“काही नाही गं मामी. उष्णता.”

“उष्णता माले बी व्हस. मी काय अशी काडी व्हयनी का?”

मामी अंगाने चांगलीच भरलेली आहे. मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. मग मी सगळं सांगितलं. ते ऐकून तिने माझे कपडे पिशवीत भरायला घेतले. मग म्हणाली, “डॉक्टरले बठ्ठं सांग. पोट शे ते. पोटनी काय लाज?” बठ्ठं म्हणजे सगळं.

म्हणून मी धुळ्याला आले, आणि म्हणून तपासण्या झाल्या. रक्ताची तपासणी. मग शौचाची तपासणी. या दुसऱ्या तपासणीचं नाव फीकल कॅलप्रोटेक्टिन. कॅलप्रोटेक्टिन हे एक प्रोटीन आहे. आतड्याला सूज आली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धाव घेतात, आणि त्यांच्यातलं हे प्रोटीन शौचात उतरतं. ते जास्त असलं तर आत सूज आहे असं धरतात आणि पुढे बघतात. माझा आकडा चार अंकी आला होता. त्यानंतर कोलोनोस्कोपी, त्यानंतर तो लाल पडदा.

“कॉलेज का सोडायचं?” डॉक्टरांनी मला उलट विचारलं. “दोन-तीन महिने औषधं नीट घे. आपण बघू.”

मामी मला म्हणाली, “दुखनानं नाव सापडनं ना? आते कशाले रडस?”

पण मी कशाला रडत होते ते मामीला पूर्ण माहीत नव्हतं. माझी एक चुलतबहीण बारावीला असताना काविळीने आजारी पडली होती. “एक वर्ष घरी राहा, मग जा,” असं तिला सांगितलं. त्या एका वर्षात तिचं लग्न ठरलं. कोणी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. घरी आहेच, स्थळ चांगलं आहे, असं होत होत झालं. ती सुखात आहे. पण तिची प्रॅक्टिकलची वही अजून माझ्याकडे आहे, अर्धी भरलेली.

आबांना मामीने फोनवर सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी केळीच्या ट्रकमधून धुळ्याला आले. दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसले. मग म्हणाले, “शिकणं काय पळून जाते का? घरी चाल.”

मी म्हटलं, “आबा, डॉक्टर जाऊ नको म्हणत नाहीयेत.”

“बरं. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेपर्यंत पाहू. पुन्हा असंच झालं तर मंग माहं आयकजो.”

मी हो म्हटलं. त्या ‘पुन्हा’वर माझं सगळं अडकलं होतं.

पुढचं वर्ष सांगायला सोपं आणि काढायला अवघड होतं. आधी स्टेरॉइड्स. ही गोळी सूज पटकन उतरवते, पण ती कायम घ्यायची नसते. डॉक्टर ती हळूहळू कमी करत नेतात आणि आपल्या मनाने ती एकदम थांबवायची नाही. माझा चेहरा फुगला. हॉस्टेलच्या मुली म्हणाल्या, “मामीकडे चांगलं खायला मिळालं वाटतं.” शिवाय मेसालामाइन नावाच्या गोळ्या. त्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर काम करतात. बरं वाटायला लागलं तरी त्या सोडायच्या नाहीत. मी एकदा चार दिवस सोडून पाहिल्या होत्या, डॉक्टरांनी नुसत्या नजरेने ओळखलं.

दोन महिन्यांत रक्त थांबलं. चार महिन्यांत मी मागचा बाक सोडला. सहा महिन्यांनी स्टेरॉइड बंद झालं. मला वाटायला लागलं की झालं, संपलं.

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी मी आखाजीला घरी गेले. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आणि आमच्या खानदेशात तिचा थाट दिवाळीसारखा असतो. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, घरोघरी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. माझ्या आईला मी माय म्हणते. मायने आठ दिवस आधीपासून आंबे गवतात घातले होते.

सणाच्या तीन दिवस आधी माझं पोट दुखायला लागलं. कळ यायची, जायची. दिवसातून चारदा-पाचदा जावं लागायला लागलं. रक्त दिसत नव्हतं, पण मी दर वेळी इतकं टक लावून बघायचे की मला सगळंच लाल दिसायचं. पेपर दहा दिवसांवर आला होता.

मी कोणालाच सांगितलं नाही. पुन्हा तेच केलं. पण चौथ्यांदा बाहेर पडले तेव्हा आबा अंगणात हात धुवायला पाणी घेऊन उभे होते. मला लोटा दिला आणि आत गेले. थोड्या वेळाने आतून मायला सांगत असल्याचं ऐकू आलं, “तिचं सामान जळगावहून घेऊन यावं लागीन.”

मी गोठ्यामागे जाऊन डॉक्टरांना फोन केला.

“घाबरू नकोस,” ते म्हणाले. “कळ आली म्हणजे सूज आलीच असं नाही. पुन्हा कॅलप्रोटेक्टिन करू. मगच औषध बदलायचं की नाही ते ठरवू. अंदाजाने स्टेरॉइड देणार नाही मी.” मग म्हणाले, “इथं एक संशोधन चालू आहे, तुझ्यासारख्या पेशंटच्या नमुन्यांवर. तुझी इच्छा असेल तर त्याच नमुन्यातला थोडा भाग त्यांना देशील का? नाही म्हटलंस तरी उपचारात काही फरक पडणार नाही.”

मी हो म्हटलं. दवाखान्यातल्या संशोधनाच्या ताईंनी नंतर फोनवर समजावलं. नमुन्याच्या डब्या मामीकडे आधीच दिलेल्या होत्या, आणि सणाचं शिधासामान घेऊन आलेल्या मामेभावाने त्या आणल्याही. सकाळचा पहिला नमुना. झाकण घट्ट. थंड ठेवायचा. एका दिवसाच्या आत पोचवायचा.

अडचण अशी झाली की नमुना मिळाला तो नेमका आखाजीच्या सकाळी. त्या दिवशी दवाखान्यातली प्रयोगशाळा बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी नेता येणार होता. म्हणजे एक दिवस तो थंड ठेवायचा.

आमच्या फ्रिजमध्ये आमरसाचं पातेलं होतं, पुरण होतं, नैवेद्याचं दूध होतं. तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली ती डबी हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आत माय आणि दोन आत्या खापरावर पोळ्या टाकत होत्या. मला आत जाववेना. डबीत काय आहे हे कसं सांगणार? न सांगता आमरसाशेजारी कसं ठेवणार?

आबांनी बघितलं. “काय आहे ते?”

“दवाखान्याचं,” मी म्हटलं. “थंड ठेवायचं आहे. उद्यापर्यंत.”

त्यांनी डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. “फ्रिजात नको,” ते म्हणाले. “फ्रिजात माल काया पडतो. दे इकडं.”

तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ नीट लागला नाही. फक्त सुटल्यासारखं वाटलं. आबांनी बाहेरून एक थर्माकोलचा खोका घेतला, डबी त्यात ठेवली, तो सायकलला बांधला आणि गेले. सण असो, घरात लग्न असो, चेंबरला सुट्टी नसते. केळी पिकायला लावलेली असली की दर काही तासांनी तापमान बघावंच लागतं. दुपारी जेवायला ते उशिरा आले. मी नुसत्या नजरेने विचारलं. म्हणाले, “फस्ट क्लास आहे. चिंता करू नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही भुसावळ-जळगाव करत धुळ्याला पोचलो. खोका आबांच्या मांडीवर. एरंडोलला एका बाईने विचारलं, “केक आहे का?” आबा म्हणाले, “हो, वाढदिवसाचा.” मी खिडकीकडे तोंड फिरवलं. कितीतरी दिवसांनी मी अशी हसले असेन.

संशोधनाच्या ताईंनी खोका उघडला आणि हात आत घातला.

“बर्फ कुठे आहे?”

“बर्फ नाही ठेवला,” आबा म्हणाले. “बर्फानं बिघडलं असतं ना.”

“मग कुठे ठेवला होता नमुना?”

“चेंबरात. केळीच्या.” आबांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. “पाहा ना ताई, एक अंश बी हलू दिला नाही.”

तो चेंबरचा नोंदीचा कागद होता. ‘माल’, ‘वेळ’, ‘अंश’, ‘सही’ असे चार रकाने. सकाळी आठपासून दर दोन तासांनी नोंद. सोळा. सोळा. सोळा. सोळा. प्रत्येकीपुढे आबांची सही. आणि डाव्या बाजूच्या ‘माल’ या रकान्यात, जिथं एरवी केळीची जात आणि गाडीचा नंबर लिहितात, तिथं पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं होतं : ज्योती. खाली सगळीकडे ‘वरीलप्रमाणे’चं चिन्ह.

ताई त्या कागदाकडे बघत राहिल्या. मी पण.

मग मला आबांचं कालचं वाक्य कळलं. केळं फ्रिजमध्ये ठेवलं की साल काळी पडते, आतला गर मरतो. पिकवताना त्याला जपून गारवा द्यावा लागतो, ना जास्त ना कमी. आबांनी सगळं आयुष्य हेच केलं आहे. जे जपायचं ते फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. म्हणून त्यांनी माझी डबी त्यांना माहीत असलेल्या सगळ्यात चांगल्या जागी ठेवली होती.

“काका,” ताई हळू म्हणाल्या, “तुम्ही केळी पिकायला ठेवता तसा हा नमुनाही आत पिकत राहिला.”

आबांचा चेहरा उतरला. “मंग वाया गेला? पोरीची परीक्षा आहे हो.”

“थांबा, वाया नाही.” ताई लगेच उठल्या आणि डॉक्टरांना बोलावून आणलं.

डॉक्टरांनी कागद वाचला, डबी बघितली. “कॅलप्रोटेक्टिनसाठी चालेल,” ते म्हणाले. “ते प्रोटीन चिवट असतं. एवढ्या गारव्यात एका दिवसात त्याला काही होत नाही. संशोधनाचा भाग मात्र यातून घेता येणार नाही. त्यासाठी मुलीला इथंच दुसरा नमुना द्यायला सांगू. रिपोर्टला दोन दिवस लागतील.”

ते दोन दिवस आम्ही मामीकडे काढले. आबा पहिल्यांदाच इतके दिवस चेंबरपासून लांब होते. सकाळी ते पांझरा नदीच्या पुलापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. दर दोन तासांनी रावेरला फोन करून विचारायचे, “किती आहे?” पलीकडून कोणीतरी सोळा म्हणायचं.

मामी त्यांना म्हणाली, “भाऊजी, केळास्ना ताप पाही राह्यनात का पोरना?”

आबा म्हणाले, “पोरीचं मशीन माह्याजवळ नाही ना वहिनी.”

त्यांनी हे गमतीत म्हटलं, पण मामीने विषय बदलला.

दुसरा नमुना द्यायला गेले तेव्हा ताईंनी तो माझ्यासमोरच एका डीप फ्रीजरमध्ये ठेवला, नुसत्या फ्रिजपेक्षा कितीतरी थंड. मी त्यांना भीत भीत विचारलं, “तुम्ही यात शोधता काय?” मी केमिस्ट्रीची आहे म्हटल्यावर त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं.

त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. आतड्यात सूज असते तेव्हा तिथली प्रोटीन्स बदलतात. एकच कॅलप्रोटेक्टिन न बघता शेकडो प्रोटीन्स एकदम मोजली, तर सूज कुठल्या प्रकारची आहे याचा अंदाज लागू शकतो. याला प्रोटिओमिक्स म्हणतात. आणि आतड्यातले जिवाणू, आपलं अन्न आणि आपल्या पेशी मिळून जे लहान लहान रेणू तयार करतात, त्यांना मेटाबोलाइट्स म्हणतात. ते मोजणं म्हणजे मेटाबोलॉमिक्स. उदाहरणार्थ ब्युटिरेट. आपण खाल्लेल्या तंतुमय पदार्थांपासून चांगले जिवाणू ते बनवतात आणि आतड्याच्या पेशी त्यावर जगतात. आयबीडीच्या पुष्कळ रुग्णांमध्ये ते कमी सापडतं. असे रेणू एकत्र बघून कोणाला कुठलं औषध लागू पडेल, आजार पुन्हा कधी डोकं वर काढेल, हे आधी कळावं अशी त्यांची धडपड आहे.

“माझा रिपोर्ट मिळेल का?” मी विचारलं.

“नाही. हे अजून उपचारासाठी वापरत नाहीत. तुझं नाव पण इथं नाही, फक्त नंबर आहे. आज देणाऱ्याला लगेच काही मिळत नाही यातून. नंतर येणाऱ्याला मिळेल.”

मग त्यांनी एक कागद दाखवला. एका सरळ रेषेवर लहानमोठी टोकं वर आलेली. दर टोक म्हणजे एक रेणू. मी पहिल्या वर्षाला पानांचा रस गाळणकागदावर चढवून त्यातले रंग वेगळे केले होते. वर्गात ते क्रोमॅटोग्राफी म्हणून पाठ केलं होतं. इथं तेच काम, फक्त मोठ्या यंत्राने, चालू होतं. माझ्या पोटाच्या आतलं. मला इतका आनंद झाला की क्षणभर मी पेशंट आहे हे विसरले.

“आणि आबांची डबी?” मी विचारलं. “तिच्यात काय झालं असेल?”

“जिवाणू जिवंत असतात. गारवा पुरेसा नसला की ते खात राहतात, नवीन रेणू बनवत राहतात. तुझ्या पोटात सकाळी जे होतं ते न दिसता डबीत दिवसभर जे झालं ते दिसतं. केळं बाहेरून हिरवं दिसतं पण आत स्टार्चची साखर होत असते ना? तुझ्या आबांना विचार, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.”

मी आबांना विचारलं. त्यांनी मला पुलावर उभं राहून अर्धा तास सांगितलं. घड झाडावरून उतरवला की तो मेला असं लोकांना वाटतं, पण तो श्वास घेत असतो. चेंबरमध्ये केळ्यांचा उबारा इतका असतो की यंत्र नसेल तर खोली आपोआप गरम होते. हात लावून, वास घेऊन त्यांना कळतं की आत काय चाललं आहे. तीन वर्षं मी केमिस्ट्री शिकते आहे आणि हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी बोलावलं. मामी, आबा आणि मी, तिघंही गेलो. वेटिंगमध्ये माझ्या आधी पाच जण होते. मी भिंतीवरच्या पोस्टरमधली अक्षरं मोजत बसले.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला. आकडा दोन अंकी होता.

“सूज नाही,” ते म्हणाले. “आतडं शांत आहे.”

“मग कळ?” मी विचारलं.

“परीक्षा कधी आहे?”

“चार दिवसांनी.”

“तीच कळ,” डॉक्टर हसले. “आजार शांत असतानाही तुझ्यासारख्या पुष्कळ पेशंटचं आतडं हळवं राहतं. काळजीने आवळतं. त्याचा उपाय वेगळा. स्टेरॉइड नाही, ऑपरेशन नाही. वेळेवर जेव, झोप, ही एक साधी गोळी घे, आणि पेपर लिही. मात्र रक्त दिसलं तर त्याच दिवशी फोन कर. पाच महिने थांबायचं नाही.”

आबांनी विचारलं, “म्हणजे साहेब, हिले घरी न्यायची नाही?”

“कशाला न्यायची?”

आबांनी रिपोर्ट हातात घेतला, तो आकडा बोटाने शोधला आणि दोनदा वाचला. आकड्यांवर त्यांचा विश्वास आहे. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “चाल, तुले जळगावच्या गाडीत बसून देतो.”

मी पेपर दिले. दोन पेपरना कळ आली. एकदा मध्येच उठून जावं लागलं आणि सुपरवायझरना मी सरळ सांगितलं की मला आतड्याचा आजार आहे. त्यांनी काही न विचारता जाऊ दिलं. वर्षभर ज्या वाक्याला मी भीत होते, ते बोलायला चार सेकंद लागले. मी पास झाले. मार्क फार नाहीत, पण पुढे एम.एस्सी.ला जाण्यापुरते आहेत.

माझा आजार गेलेला नाही. गोळ्या रोज चालू आहेत आणि उद्या तो पुन्हा उठेलही. ज्यांना नुकतंच हे नाव डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळालं असेल, त्यांना मी एवढंच सांगेन की लवकर सांगा. आईला, मामीला, मैत्रिणीला, ज्याला जमेल त्याला. माझ्या आबांना मी डबी किती थंड ठेवायची आणि का, ते नीट सांगितलं असतं, ‘दवाखान्याचं, थंड ठेवायचं’ एवढंच बोलून थांबले नसते, तर त्यांनी मला बर्फ आणून दिला असता. चूक त्यांची नव्हती, माझ्या अर्ध्या वाक्याची होती.

डॉक्टरांचे, त्या ताईंचे आणि मामीचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. संशोधनाला मी दर वेळी नमुना देते. माझ्यानंतर जी मुलगी त्या खुर्चीत बसेल, तिला कदाचित कमी वाट बघावी लागेल.

मागच्या महिन्यात तपासणीसाठी निघायच्या आदल्या दिवशी मायने फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा करून पुसून ठेवला होता. वर दही, खाली माझी डबी. आत्या आलेल्या होत्या. मायने त्यांना सांगून टाकलं, “खालच्या कप्प्याले हात लावू नका, ज्योतीचा नमुना आहे.” आत्या म्हणाल्या, “बरं.” आणि चहा पीत बसल्या.

धुळ्याला ताईंनी खोका उघडला. आत बर्फाच्या पिशव्या, मधोमध डबी. शेजारी प्लास्टिकमध्ये घातलेला कागद. आबांनी सायकलवरून थर्मामीटर घरी आणला होता. चार, चार, चार, चार, प्रत्येकापुढे सही. ‘माल’च्या रकान्यात माझं नाव.

ताईंनी तो कागद माझ्या दवाखान्याच्या फाईलला लावला. पहिला, सोळा अंशांचा, त्यांच्याकडे अजून आहे.